इलाहीची बास

मिरजेत आमच्या गल्लीत तंबोरे करणारी घरं चौदा होती. म्हणजे हात अठ्ठावीस. कान मात्र दोनच, आणि ते दोन्ही इलाहीचे.

ज्यांनी तंबोरा फक्त लांबून, गवयाच्या मांडीशेजारी उभा असलेला पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याला खाली मोठा भोपळा असतो. त्या भोपळ्याचं कापलेलं तोंड ज्या लाकडी पाटीनं झाकतात तिला तबली म्हणतात. तारा तिच्यावरून जातात, त्यांना उचलून धरणारी घोडी तिच्यावर बसते, आणि तंबोरा गाणार की कण्हणार हे पुष्कळसं तीच ठरवते. तबली जाड राहिली तर तंबोरा तोंडात पान धरून बोलल्यासारखा बोलतो. फार पातळ झाली तर आधी नुसता खडखडतो आणि पुढं वर्षभरात तारांच्या ओढीनं मधोमध बसतो. या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी एक जागा असते. ती जागा केसाएवढी असते आणि ती इलाहीलाच सापडते, असं सगळी गल्ली मानायची. इलाही नुसतं मानायचा नाही, दिवसातून पाच-सहा वेळा बोलून दाखवायचा.

रिवाज असा होता. प्रत्येकानं आपापल्या घरी तुणीचं लाकूड कापावं, रंधा मारावा, पटाशीनं आतून कोरावं, आणि तबली बोटाच्या निम्म्या जाडीवर आली की ती इलाहीच्या कट्ट्यावर आणून ठेवावी. शेवटचं पातळ करणं त्याचं. इलाही रस्त्याकडं पाठ आणि स्वतःच्या घराच्या दाराकडं तोंड करून बसायचा. गुडघ्यावर तबली घ्यायचा आणि फुटक्या बाटलीच्या काचेनं ती खरवडायचा. दहा-बारा हात मारले की बोटाच्या पेरानं एक टिचकी. पुन्हा काच. पुन्हा टिचकी. मग एकदम काच खाली ठेवून म्हणायचा, "पाणी लागलं. बास."

पाणी लागण्याचं कारण असं की इलाही मूळचा कवठे महांकाळचा. त्याचा बाप विहिरी खणायचा, आणि त्या मुलखात विहीर खणणं म्हणजे जुगार. खाली पाणी असेल तर पहारीचा आवाज बदलतो, हे बापानं त्याला शिकवलं. पुढं बाप एका विहिरीत खणता खणता दरड कोसळून तिथंच राहिला. मालकानं विहीर तशीच बुजवून टाकली, कारण पाणी काही लागलं नव्हतं. बारा वर्षांचा इलाही मिरजेला मावशीकडं आला तो हा कान घेऊन. बाकी त्याच्याकडं काही नव्हतं. स्वभाव होता, पण तो नसता तर बरं झालं असतं.

एकदा रेल्वेतला एक फिटर त्याच्यासाठी जाडी मोजायची लोखंडी कैची घेऊन आला. म्हणाला, "चाचा, कशाला टिचक्या मारत बसताय? हे लावा, सुतासुताचा हिशेब सांगतंय." इलाहीनं ती कैची उलटीसुलटी पाहिली, तिच्यात एक सुपारी धरली, कडकन फोडली आणि अर्धी त्या फिटरला देत म्हणाला, "लय झकास हाय. आमच्या घरातला अडकित्ता बोथट झाला व्हता."

असा हा माणूस. त्यानं गल्लीला दोन नियम घालून दिले होते. पहिला, तबली हातात असताना कुणी तोंड उघडायचं नाही. कट्ट्याभोवती वीस माणसं असोत, तो "बास" म्हणेपर्यंत खोकलासुद्धा गिळायचा. दुसरा नियम जास्त वाईट होता. ज्याच्या हातून तबली फुकट जाईल, त्याच्या दारावर ती वर्षभर टांगायची. इलाही तबली हातात घ्यायचा, एक टिचकी मारायचा आणि ती आधीच जादा खरवडली आहे असं वाटलं तर काही न बोलता अंगठा दाबून आरपार घालायचा. मग खिळा मागायचा.

सिकंदरच्या दारावर अशीच एक तबली टांगली होती. सिकंदर इलाहीचा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. आठ वर्षं मामाच्या हाताखाली राहिला. गल्लीत त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. त्याचा रंधा चालायचा तेव्हा लाकडाचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघायचा. कानाच्या बाबतीत मात्र गडी रिकामा. त्यानं पहिली स्वतंत्र तबली केली तेव्हा ती कौतुकानं, पेढे वाटून, मामाच्या कट्ट्यावर आणली. इलाहीनं पेढा खाल्ला. टिचकी मारली. अंगठा घातला.

"मामू," सिकंदर म्हणाला, "पहिलीच हाय. निदान दारावर तरी टांगू नगा. परवा सांगलीहून पाव्हणे येणार हायेत."

"मग बरंच झालं की," इलाही म्हणाला. "पाव्हण्यांनाबी कळू दे, पोरगी कुणाच्या हातात देतोय ते."

पाव्हणे आले. मुलीच्या बापानं दारावरच्या तबलीबद्दल विचारलं, गल्लीतल्या कुणीतरी आनंदानं सांगितलं, आणि पाव्हणे सरबत न पिता परत सांगलीच्या टांग्यात बसले. वर्ष संपल्यावर सिकंदरनं तबली उतरवली. खिळा उपसून तो कडोसरीला लावला. आम्हाला वाटलं, लोखंड महाग आहे म्हणून.

या सगळ्याला पाच वर्षं झाली. लढाई सुरू झाली. लढाईनं लोखंड खाल्लं, रॉकेल खाल्लं, आणि मग लाकडावर आली. चांगलं तुणीचं लाकूड पेट्या-खोक्यांसाठी जाऊ लागलं आणि गल्लीत आंब्याच्या फळ्यांवर हात फिरवून उसासे टाकणारे कारागीर दिसू लागले. याच दिवसांत इलाही बहिरा झाला.

हे कुणालाच कळलं नाही, कारण बहिरं होण्याची त्याची तयारी फार जुनी होती. तो कधीच कुणाचं ऐकून घेत नसे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत हा बोलायला लागायचा आणि समोरचा निघून जाईपर्यंत बोलत राहायचा. तुम्ही विचारलं, "चाचा, बरे आहात ना?" तर तो म्हणायचा, "तुझ्या बापाला सांग, भोपळा कच्चा दिला व्हता." आम्ही म्हणायचो, काय हा उर्मटपणा! उर्मटपणा होताच. पण आता त्याच्या आड बहिरेपणा आरामात पाय पसरून बसला होता.

आधी त्याला चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या. मग बांगड्या. मग टिचकीतला तो बारीक, लांबत जाणारा नाद, ज्याला तो पाणी म्हणायचा. जाड, ढप्प आवाज तेवढे राहिले. एक दिवस तो कट्ट्यावर तबली घेऊन बसला आणि टिचकीमागून टिचकी मारत राहिला. पाणी लागेना. कपाळावर घाम. आणि समोरच्या दाराच्या हिरव्या पडद्याची खालची कड दोनदा हलली.

पडद्यामागं साबेरा होती. त्याची बायको. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, आणि तेहेतीस वर्षं ती पडद्याच्या आत भाकरी थापत बाहेरच्या टिचक्या ऐकत आली होती. तबली कधी बोलली हे तिला भाकरी कधी फुगली इतक्या सहज कळायचं. त्या दिवशी तबली बोलून गेली तरी हा माणूस खरवडतोच आहे हे पाहून तिनं न राहवून पडदा ओढला. इलाहीनं पडद्याकडं पाहिलं. काच खाली ठेवली. "बास," म्हणाला.

यावर दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलली नाहीत. पण त्या दिवसापासून गल्लीचे कान पडद्यामागं बसू लागले. दोन वर्षं. टिचकी इलाहीची, पडदा साबेराचा, आणि "बास" पुन्हा इलाहीची. उपकार म्हणाल तर इलाहीला उपकाराची ॲलर्जी होती. उलट याच दोन वर्षांत त्याला बायकांच्या कानांवर व्याख्यान द्यायची खोड लागली. कट्ट्यावर माणसं जमली की हा मोठ्यानं म्हणायचा, "बाईमाणसाला कान असतोय व्हय? नुसती जीभ असतीया. आमचीच बघा. तेहेतीस वर्षं ह्या घरात हाय, पर तिला तबली वाजली काय आन् पातेलं वाजलं काय, सारखंच." आम्ही हसायचो. पडदा हलायचा नाही.

हे सिकंदरला कसं कळलं ते सांगतो. साबेरा माहेरच्या एका लग्नासाठी चार दिवस आटपाडीला गेली. त्या चार दिवसांत इलाहीनं एकही तबली हातात घेतली नाही. म्हणाला, वारा पूर्वेचा हाय, लाकूड दम धरत न्हाई. ठीक आहे. दोन महिन्यांनी ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि वारा पुन्हा पूर्वेचा झाला. सिकंदरनं बोट ओलं करून हवेत धरलं. वारा पश्चिमेचा होता. पुढच्या वेळी साबेरा घरी असताना तो कट्ट्यासमोर बसला तेव्हा त्यानं मामाच्या हाताकडं पाहिलंच नाही. पडद्याकडं पाहिलं.

तो कुणाला काही बोलला नाही. सात वर्षं खिळा जपणारा माणूस घाई करत नाही.

तेवढ्यात साताऱ्याकडून हंबीरराव आले. कोरेगावच्या बाजूचे मोठे ऊसवाले. दोन मुलगे पलटणीत, मिशा स्वतःच्याच पण त्याही पलटणीत असल्यासारख्या. बैलगाडीतून घोंगडीत गुंडाळलेली एक फळी घेऊन ते थेट इलाहीच्या कट्ट्यावर उतरले.

"आमच्या आज्यानं तंबुऱ्याच्या जोडीसाठी म्हणून दोन फळ्या आणून ठेवल्या व्हत्या," ते म्हणाले. "चाळीस वर्षं माळ्यावर पडून. त्यावर आमी गुळाच्या ढेपा रचत व्हतो. ही एक आणलीया. हिचा तंबुरा बरा निघाला तर दुसरी आणतो."

इलाहीनं घोंगडी बाजूला केली. चाळीस वर्षं सुकलेली तूण. लाल, रेघ सरळ, कुठं गाठ नाही. सगळी गल्ली गोळा झाली. लढाईच्या दिवसांत असं लाकूड बघायला मिळणं म्हणजे एखाद्या उपाशी गावातून जेवणाचं ताट फिरवण्यासारखं होतं. फळीला गुळाचा वास येत होता आणि तिच्यावरून मुंग्यांची एक रांग सातारा जिल्ह्यातून प्रवास करून आली होती.

"घरात गातंय कोण?" मी विचारलं.

"गायचं काय त्यात?" हंबीरराव म्हणाले. "आमच्या भावकीतल्या बाळासोनं तंबुरा घेतलाय. कोपऱ्यात उभा करून ठेवतोय. आमचाबी उभा राहिला पायजे. पर नुसता न्हाई. समदा मुलूख म्हणला पायजे की ह्याच्यावर इलाहीचा अंगठा फिरलाय. आन् काम माझ्या डोळ्यांदेखत झालं पायजे."

इलाही छाती काढून म्हणाला, "डोळ्यांदेखतच हुईल. बघायचं, पर बोलायचं न्हाई." मग भाच्याकडं हात करून, "कापून, कोरून हा देईल. हात बरा हाय त्याचा. कान न्हाई."

सिकंदर हसला. इतका गोड हसला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आठ दिवसांत त्यानं तबली कोरून आणली. आतून-बाहेरून अशी तासलेली की काचेला काम थोडंच उरावं. शुक्रवारी दुपारची नमाज झाली, जेवणं झाली, आणि सगळी गल्ली कट्ट्याभोवती जमली. हंबीररावांसाठी खुर्ची मांडली. इलाही नेहमीसारखा दाराकडं तोंड करून बसला. हिरवा पडदा नेहमीसारखा खाली सोडलेला. सिकंदर आला तो सरळ दारापाशी गेला आणि चौकटीला पाठ लावून उभा राहिला. त्याचा डावा पाय पडद्याच्या कडेवर होता.

इलाहीनं ते पाहिलं. "बाजूला सर," तो म्हणाला. "उजेड अडवतोस."

"उजेड तुमच्या मागनं येतोय, मामू," सिकंदर एकेक शब्द सुटा करून, तोंड स्पष्ट हलवून म्हणाला. "मी आपला बघून शिकतोय. हितनं तुमचा हात झ्याक दिसतोय."

इलाही त्याच्या ओठांकडं पाहत राहिला. मग त्याच्या पायाकडं. त्या क्षणी त्याला समजलं असणार. तो म्हणू शकला असता की आज अंग कसकसतंय, उद्या करू. पूर्वेचा वारा तर कधीही बोलावता आला असता. पण समोर वीस माणसं, खुर्चीत साताऱ्याचा पाहुणा, आणि मांडीवर जन्मात एकदा मिळणारं लाकूड. आणि भाचा. भाच्यासमोर इलाही उठेल हे कसं शक्य होतं? त्यानं काच उचलली.

खर्र, खर्र, खर्र. टिचकी.

पहिल्या टिचक्या ढप्प होत्या. हळूहळू त्या मोकळ्या होत गेल्या. काचेखालून निघणारा भुगा मैद्यासारखा बारीक होत चालला आणि गुळाचा वास सुटला. आणि मग एक टिचकी अशी वाजली की माझ्या शेजारचा धुळा, जो भोपळे विकायचा आणि ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यानंसुद्धा मान वर केली. आवाज लागला, लांबत गेला, आणि थांबला तेव्हा गल्ली एकदम लहान झाल्यासारखी वाटली.

आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. पण त्या गल्लीत ऐकणं हे आमचं काम नव्हतं. चाळीस वर्षं आमच्या वतीनं इलाही ऐकत आला होता. तो थांबला नाही, तेव्हा आम्हाला वाटलं, याच्याही पुढं काहीतरी असेल.

खर्र, खर्र. टिचकी. त्यानं पडद्याकडं पाहिलं.

पडदा ताणला गेला होता. वरच्या दोरीपासून सिकंदरच्या पायापर्यंत ताठ. आतून कुणीतरी तो ओढत होतं. सिकंदरनं दुसरा पायही कडेवर ठेवला.

खर्र, खर्र. आता टिचकीतला तो नाद खाली बसत चालला होता. आतून बांगड्या वाजल्या. एकदा, दोनदा, मग भिंतीवर आपटल्यासारख्या. आणि मग आतून आवाज आला.

"बास!"

बाईचा आवाज. कट्ट्यावर, तबली हातात असताना. वीस माणसांच्या माना पडद्याकडं वळल्या. फक्त एक मान वळली नाही.

"आवं, बास!" साबेरा ओरडली. "बास झालं की! आवं!"

इलाही खरवडत होता. डोकं खाली, ओठ मिटलेले, काच एका लयीत. त्याचा नियम आम्ही किती मन लावून पाळत होतो म्हणून सांगू! त्याचा खांदा माझ्यापासून हातभर लांब होता. धुळापासून त्याहून कमी. नुसतं बोट लावलं असतं तरी त्यानं वर पाहिलं असतं. पण साबेराच्या एका हाकेनं आम्हाला सगळं एकाच वेळी कळलं होतं, आणि एवढं सगळं कळल्यावर पुढं काय होतं ते बघितल्याशिवाय आम्ही कसे राहणार! सिकंदर तर डोळ्याची पापणी हलवत नव्हता.

पडद्यामागचा आवाज थांबला. काच आणखी सात-आठ वेळा चालली. मग तबलीच्या मधोमध नखाएवढा उजेड पडला.

इलाहीनं तो उजेड पाहिला. त्यावर अंगठा ठेवला, जणू अंगठा काढल्यावर तो तिथं नसेल. मग त्यानं मान वर करून आमच्याकडं पाहिलं.

कुणी हसलं नव्हतं. हंबीररावांना मात्र या कलेतलं काही माहीत नव्हतं. ते खुर्चीत पुढं वाकून कौतुकानं म्हणाले, "हे भोकबी तुमीच पाडता व्हय?"

मग गल्ली हसली. काय हसली! धुळा पोट धरून खाली बसला. ज्यांच्या ज्यांच्या दारावर आयुष्यात एकदा तबली टांगली गेली होती ते सगळे हसले, आणि ज्यांच्या दारावर नव्हती ते आपण वाचलो म्हणून हसले. मीही हसलो. इलाहीला ते ऐकू गेलं नाही. त्याला आमचे दात दिसले.

सिकंदर दारातून पुढं आला. कडोसरीला हात घातला आणि खिळा काढून मामाच्या पुढं धरला. तोच, सात वर्षांपूर्वीचा, जरा वाकलेला. इलाहीनं तो घेतला. उठला, स्वतःच्या चौकटीवर स्वतः ठोकला आणि तबली टांगली. खिळा वाकडा गेला तेव्हा पुन्हा हशा झाला. हंबीररावांना कुणीतरी प्रकार समजावून सांगितला. ते गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "आता बाळासोला काय सांगू?"

त्यानंतर इलाही कट्ट्यावर बसायचा, पण रस्त्याकडं तोंड करून. बोलणं बंद झालं. इतकी वर्षं न थांबता बोलणारा माणूस गप्प बसला की गल्लीला करमेना, म्हणून लोक येताजाता त्याच्यासमोर उभं राहून नुसते ओठ हलवायचे, आवाज न काढता. तो मान पुढं करून समजून घ्यायचा प्रयत्न करायचा. या खेळानं आमचा एक महिना बरा गेला.

साबेरानं हिरवा पडदा काढून टाकला. धुतला, फाडला आणि चुलीपुढं पुसायला घेतला. दार उघडंच असायचं.

इकडं सिकंदरला वाटलं होतं की आता सगळ्यांच्या तबल्या त्याच्याकडं येतील. आल्याही. त्याचा हात तोच सुंदर, पण कुठं थांबायचं ते त्याला माहीत नव्हतं. खरं म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. इलाहीनं चाळीस वर्षं ते कुणाला शिकवलंच नव्हतं. गल्लीतले तंबोरे एक तर मुके निघू लागले किंवा खडखडू लागले. सांगलीचे एक बुवा आपला तंबोरा परत आणून टाकून गेले. म्हणाले, याच्यापेक्षा आमच्या भजनी मंडळाचे टाळ सुरात आहेत.

आणि दोन महिन्यांनी हंबीररावांची दुसरी फळी आली. निरोप असा होता: आमाला त्या घरातली बास पायजे. बाईची का हुईना.

बाईमाणसाला बास विचारायची? गल्लीत यावर चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी सकाळी सिकंदर तबली कोरून, तासून, डोक्याला टोपी घालून मामाच्या कट्ट्यावर आला. आम्ही अर्थातच मागोमाग होतो.

साबेरा उंबऱ्याशी पानाचा डबा घेऊन बसली होती. डोक्यावर पदर. इलाही शेजारी. त्यांच्या डोक्यावर चौकटीत ती भोकाची तबली वाऱ्यानं थोडी थोडी हलत होती.

"मामी," सिकंदर म्हणाला, "झालं गेलं सोडून द्या. तुमच्याएवढा कान आख्ख्या मिरजेत न्हाई."

"माझा कुठला कान?" साबेरा सुपारी कातरत म्हणाली. "बाईमाणसाला नुसती जीभ असतीया. तुझ्या मामूला विचार."

"मामी, हात जोडतो. हे लाकूड पुन्हा मिळायचं न्हाई. तुमी नुसतं बास म्हणा."

साबेरानं थोडा वेळ सुपारी कातरली. "बस," ती म्हणाली. "पर ह्या घराची अट ठावं हाय न्हवं? तबली हातात हाय तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई. तूबी."

सिकंदर बसला. काच घेतली. खर्र, खर्र. टिचकी.

"अजून," साबेरा म्हणाली.

खर्र, खर्र. टिचकी.

"अजून."

भुगा मैद्यासारखा पडू लागला. गुळाचा तोच वास. आणि मग ती टिचकी आली. तीच, पहिल्या फळीची सख्खी बहीण. आवाज लागला, लांबत गेला. या वेळी आमच्यापैकी प्रत्येकाला कळलं, कारण आता आम्ही तो एकदा ऐकलेला होता. सिकंदरचा हात थांबला. त्यानं मामीकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. बिचाऱ्याला स्वतःच्या कानाची सवयच नव्हती.

साबेरा पानाला चुना लावत होती. "अजून," ती म्हणाली.

"मामी, मला वाटतंय..."

तिनं चुन्याचं बोट ओठांवर ठेवलं. सिकंदरनं तोंड मिटलं आणि काच पुन्हा चालू केली. आम्हीही मिटलं. अट ती अट.

"अजून."

टिचकीतला नाद बसला. तबली काचेखाली वाकू लागली. ती आता पापडासारखी लवत होती, आणि ते बघायला कान लागत नव्हते. इलाहीनं ते बघितलं. चाळीस वर्षं लाकूड ज्याच्या मांडीवर आलं त्या माणसाला ते बघवेना. भाच्यासाठी म्हणून नव्हे; तसा भ्रम नको. लाकडासाठी. त्याचा उजवा हात आपोआप पुढं निघाला, सिकंदरचं मनगट धरायला.

साबेरानं तो हात वाटेतच घेतला. उताणा केला आणि तळव्यावर पानाचा विडा ठेवला.

इलाहीनं विड्याकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. वर टांगलेल्या तबलीकडं पाहिलं. मग विडा तोंडात घातला आणि सावकाश चावू लागला.

"अजून," साबेरा म्हणाली.

खर्र, खर्र, खर्र. सिकंदरच्या मांडीवर नखाएवढा उजेड पडला.

"बास," साबेरा म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.